भंडारदऱ्याच्या जलाशयाला ग्रॅव्हल सायकलवर वळसा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

साम्रद मागे टाकून मी रतनवाडीच्या दिशेने निघालो होतो आणि उतारावर मागचं चाक दगडावर आपटलं. ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडल्या. राखीव ट्यूब एकच होती, ती बदलली, तर तीही अर्ध्या तासात गेली. दुपारचे दोन वाजले होते, फोनला रेंज नव्हती, बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. गावातल्या एका तरुणाने मोटरसायकलवर मागे बसवून, सायकल माझ्या खांद्यावर देऊन, शेंडीपर्यंत सोडलं. तिथे पंक्चरवाल्याने ट्यूब चिकटवून दिली, पण त्याच्या पंपाचं तोंड मोटरसायकलच्या वॉल्व्हचं आणि माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह सायकलींना असतो तो बारीक प्रेस्टा जातीचा. हवा भरताच येईना. बोटाच्या पेराएवढं पितळी अडॅप्टर माझ्याकडे असतं तर काम दोन मिनिटांचं होतं.

त्यानंतर या जलाशयाला मी बऱ्याच फेऱ्या मारल्या. दर खेपेला कुणी ना कुणी विचारतं: रस्ता कसा आहे, टायर कोणता लागेल, एका दिवसात होतं का? सगळी उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

१. आधी जागा समजून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे. बांधकाम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी. धरण पूर्वेच्या टोकाला, शेंडी गावाजवळ. पाणी तिथून पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याच्या दिशेने पसरत जातं. उत्तरेला कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची रांग, दक्षिणेला रतनगड. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

पाण्याभोवती गावांना जोडणारा रस्ता आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघरचा फाटा, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. एकूण पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर. घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत जाऊन आलात तर थोडं अधिक. आकडा छोटा वाटतो आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. रस्ता क्वचितच सपाट आहे. ओढ्याच्या प्रत्येक घळीत उतरायचं आणि पलीकडे चढायचं, असं दिवसभर चालतं. शहराबाहेरच्या हायवेवर पन्नास किलोमीटर दोन-अडीच तासांत मारणाऱ्यालाही इथे थांबे धरून सहा-सात तास लागतात.

आणखी एक स्पष्ट सांगतो. परदेशातल्या व्हिडिओंत दिसतो तसा एकसंध, दाबून बसवलेला खडीचा रस्ता इथे शोधू नका. इथे डांबर आहे, उखडलेलं डांबर आहे, मुरूम आहे, खडी पसरून ठेवलेले तुकडे आहेत आणि लाल माती आहे. कुठला तुकडा कुठे, हे दर पावसाळ्यानंतर बदलतं. नेमक्या याच मिश्रणासाठी ग्रॅव्हल बाइक चांगली, म्हणजे रोड बाइकसारखीच पण कच्च्या रस्त्यावरही चालणारी, रुंद टायरची सायकल.

२. कधी जायचं

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात उतारांवर सोनकी पिवळी धमक असते, भाताची खाचरं पिकत आलेली असतात, ओढ्यांना पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं आखडतात, ब्रेक नीट दाबता येत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या.

पावसाळ्यात ही फेरी सायकलवर करू नका, असंच मी सांगेन. घाटघर-रतनवाडीचा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी आहे. रस्त्यावर शेवाळ धरतं, धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी त्याच अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकतात ती बघायला अवश्य जा, पण सायकल घरी ठेवून. तेव्हा रात्रभर वाहनं धावतात आणि अंधारात सायकलवाला कुणाला दिसत नाही.

मार्च ते मे ऊन कडक. या दिवसांत शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात; पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची ही इथली जुनी पद्धत आहे. सकाळी दरीत धूर साचलेला दिसला तर घाबरू नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे महिने टाळावेत.

शक्य असेल तर आठवड्याच्या मधला वार निवडा.

३. सायकल आणि टायर

ग्रॅव्हल बाइकच हवी असं नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी, म्हणजे डोंगरी वाटांची सायकलही ही फेरी आरामात करते. अठ्ठावीस मिलिमीटर टायरची रोड बाइक मात्र नको. बारीक टायर दगडावर आपटला की काय होतं ते वर सांगितलंच.

टायर किमान ३८ मिलिमीटर, ४० ते ४५ असेल तर उत्तम. मधे बारीक आणि कडेला ठळक नक्षी असलेला टायर घ्या, म्हणजे डांबरावर पळतो आणि मुरमावर वळताना धरून राहतो. हवेच्या बाबतीत नवखे हमखास चुकतात. "टणक असेल तर पंक्चर होणार नाही" या समजुतीने ६०-७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात. मग चाक प्रत्येक दगडावरून उडतं, हात बधिर होतात आणि उतारावर पकड सुटते. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटर ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३२-३५ आणि मागे ३६-४० पुरे. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त, कारण हवा अगदी कमी असली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे सापडून दोन ठिकाणी चिरते.

ट्यूबलेस असेल तर निघण्याआधी चाक कानाजवळ धरून हलवा. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, आत खळखळलं पाहिजे. आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, आणि सुकलेल्या सीलंटचा टायर काट्यापुढे काही करू शकत नाही. काटे तर इथे आहेतच. शेताच्या कुंपणाला करवंदीच्या आणि बोरीच्या फांद्या लावतात, त्या वाहून नेताना रस्त्यावर सांडतात.

गिअर हलका हवा. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढच्या आणि मागच्या चकत्यांचे दाते जवळपास सारखे असावेत. रतनवाडीच्या बाजूचे चढ लांब नाहीत पण उभे आहेत, आणि सैल खडीवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायचं, म्हणून हलका गिअर.

डिस्क ब्रेक असतील तर पॅड आदल्या आठवड्यात तपासा. वाटेत पॅड मिळणार नाहीत.

४. सोबत काय घ्यायचं

दुरुस्तीचं सामान:
- दोन राखीव ट्यूब, ट्यूबलेस असलं तरी
- हातपंप, आणि प्रेस्टा वॉल्व्हला मोटरसायकलचा पंप जोडणारं पितळी अडॅप्टर. किरकोळ किमतीची वस्तू आहे. एक वॉल्व्हलाच लावून ठेवा, एक पाकिटात.
- ट्यूबलेसच्या रबरी पट्ट्या आणि जुन्या टायरचा दोन बोटं रुंद तुकडा; टायरची भिंत फाटली तर आतून लावायला
- चेन तोडायचं हत्यार आणि तुटलेली चेन जोडायची कडी, म्हणजे क्विक लिंक
- तुमच्याच सायकलच्या मापाचा राखीव गिअर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही.

कागदपत्रं आणि पैसे:
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र. वन खात्याच्या नाक्यावर आणि मुक्कामाच्या ठिकाणी लागतं.
- रक्तगट, घरच्यांचा नंबर आणि असलेलं औषधपाणी लिहिलेला कागद. फोन बंद पडला तरी कागद वाचता येतो.
- सायकलचा फ्रेम नंबर आणि बिलाचा फोटो
- सुट्टे पैसे. रेंज नसेल तिथे क्यूआर कोडचा उपयोग नाही, आणि ज्या मावशींच्या घरी तुम्ही भाकरी खाल त्यांच्याकडे पाचशेची मोड नसेल.

पाणी दोन लिटर घेऊन निघा. वाटेत गावं आहेत, कुणी पाणी नाकारत नाही. पण उन्हाळ्यात इथल्या बायाबापड्या पाणी लांबून डोक्यावर आणतात. आपली बाटली भरून घेताना हे लक्षात असू द्या.

नकाशा आणि मार्गाची जीपीएक्स फाइल (नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मार्ग दाखवणारी) घरीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

५. पोहोचायचं कसं

मुंबईहून सोयीचं स्टेशन इगतपुरी. तिथून घोटीमार्गे शेंडी साधारण पंचेचाळीस किलोमीटर. चांगली तयारी असेल तर हा भाग सायकलवर करून शेंडीत मुक्काम करता येतो. वाटेत बारी गाव लागतं, कळसूबाईच्या पायथ्याचं. रेल्वेने सायकल न्यायची तर पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून बुकिंग करा, ऐनवेळी प्लॅटफॉर्मवर धावपळ नको. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे आणि नाशिकहून घोटीमार्गे बहुतेक जण गाडीच्या मागच्या रॅकवर सायकली आणतात.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. शेंडीत एमटीडीसीचं निवासस्थान आहे, गावांमधून घरगुती मुक्कामाची सोय होते. मुक्काम ठरवताना पहाटे साडेपाचला चहा आणि सोबत भाकरी बांधून मिळेल का, ते आधीच बोलून घ्या. संध्याकाळी धरणाच्या बाजूला दोन-तीन किलोमीटर सायकल चालवून बघा. प्रवासात ढिलं झालेलं काही असेल तर तेव्हाच कळतं.

६. दिशा आणि वेळ

तलाव डाव्या हाताला ठेवून निघा. शेंडीहून आधी उत्तर काठ, मग घाटघरची बाजू, मग साम्रद-रतनवाडी आणि दक्षिण काठाने परत.

याला कारणं आहेत. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता, सूर्य पाठीमागे. दुपारनंतर पूर्वेला परतता, सूर्य पुन्हा पाठीमागे. दिवसभर ऊन डोळ्यांवर येत नाही आणि रस्त्यावरचे दगड नीट दिसतात. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे पाणीही तुमच्याच बाजूला राहतं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे सर्वांत एकाकी तुकडा, साम्रद ते रतनवाडी, तुमच्या वाट्याला सकाळी उशिरा येतो. तेव्हा पायात जोर असतो आणि हाताशी निम्मा दिवस असतो. माझी पहिली फेरी दहा वाजता सुरू झाली होती. आता फटफटलं की निघतो, साडेसहाच्या आत.

७. प्रत्यक्ष फेरी

*शेंडी ते उडदावणे.* सुरुवातीला अंग गरम होऊ द्या, दामटू नका. मुरशेतच्या बाजूला वन खात्याचा नाका लागतो. पावती घ्या आणि दिवसभर जपून ठेवा. सायकलला किती, माणसाला किती, हे तिथे लावलेल्या फलकावर बघा. पांजऱ्याच्या पुढे मधूनमधून झाडी सुटते आणि पाणी अगदी रस्त्यालगत येतं. उडदावण्याला उजवीकडे मान वर केली की अलंग, मदन आणि कुलंग ओळीने उभे दिसतात. इथे मी नेहमी थांबतो. डिसेंबरच्या सकाळी सात-साडेसातला कुलंगच्या माथ्यावर ऊन आलेलं असतं आणि तलाव अजून निळसर धुरकट असतो. ऊन कड्यावरून हळूहळू खाली घसरत गावाच्या कौलांपर्यंत येतं, तेवढा वेळ चहाला पुरतो.

नोव्हेंबरात या गावांतून भात रस्त्यावर वाळत घातलेलं दिसेल. त्यावरून चाक घालू नका. उतरा, कडेने सायकल हातात धरून चाला. वर्षाचं धान्य असतं ते.

*घाटघर फाटा: निर्णयाची जागा.* शेंडीपासून घाटघर सुमारे बावीस किलोमीटर. अलीकडे साम्रदचा फाटा फुटतो. फाट्यावर घड्याळ बघा. साडेदहाच्या आत असाल तर कोकणकड्यापर्यंत जाऊन या. कड्याखाली ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका पसरलेला दिसतो. इथला २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्पही समजून घेण्यासारखा आहे: विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करतात. कड्यावर वारा भणभणतो. सायकल कठड्याला टेकवून सोडू नका, आडवी ठेवा.

याच फाट्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. पाणी लिटरभर तरी आहे का? राखीव ट्यूब शिल्लक आहे का? सोबतचा प्रत्येक माणूस अजून नीट बोलतोय-हसतोय का? एकाचंही उत्तर नाही असेल तर आल्या रस्त्याने परत फिरा. उत्तर काठाने जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, तीही सुरेख राइड आहे. पुढे गेल्यावर मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं, म्हणून निर्णय इथेच.

*साम्रद ते रतनवाडी.* साम्रदला पोटभर खा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो; आधी सांगितलं असेल तर लवकर मिळतो. प्रसिद्ध सांदण दरी इथूनच आहे, पण तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. त्या खडकांत उतरून थकलेले पाय पुढच्या चढांवर दगा देतात.

पुढे रतनगडाच्या कुशीतलं दाट रान. सावली असते, वर्दळ जवळपास नसते, वळणं आंधळी आणि उतार सैल खडीचे. उतारावर हात हँडलच्या खाली वळलेल्या भागावर (ड्रॉपवर), वजन मागे, गुडघे आणि कोपरं सैल. वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला की मुरमावर चाक सरकतंच. जीप आली तर तुम्हीच थांबा. कडेला जिथे मुरूम घट्ट दिसेल तिथे पाय टेका. काठावरची सैल माती वजन पेलत नाही.

गटात असाल तर या तुकड्यात दोघादोघांच्या जोड्या करा. पुढचा माणूस प्रत्येक मोठ्या वळणानंतर थांबेल आणि मागचा दिसल्यावरच निघेल. एकट्याने पहिली फेरी करू नका.

*रतनवाडी ते शेंडी.* रतनवाडीला अमृतेश्वराचं प्राचीन शिवमंदिर आहे, जवळच दगडी पुष्करणी. बूट काढून, हातपाय धुऊन आत जा. थंड फरशीवर दहा मिनिटं बसलात तरी थकवा उतरतो. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा इथेच खाली येते आणि जलाशयाला मिळते. दिवसभर ज्या पाण्याला तुम्ही वळसा घालताय ते इथून सुरू होतं.

आता अठरा-वीस किलोमीटर उरले. कोलटेंभे, मुतखेल अशी गावं येत राहतात. लोकांना वाटतं की झालंच. पण दक्षिण काठावरचे चढ-उतार थकल्या पायांना उत्तरेपेक्षा जड जातात, आणि पडझड होते ती याच भागात, लक्ष ढिलं झाल्यामुळे. रतनवाडीहून दुपारी तीनच्या आत निघा, मुतखेलच्या अलीकडे एकदा थांबून गूळ-शेंगदाणे खा.

८. जंगलाचं आणि गावाचं

हे अभयारण्य आहे. शेकरू आहे, बिबट्या आहे. अंधार पडण्याआधी शेंडीत असणं हा नियमच समजा. गावांना जोडणारा रस्ता सोडून रानातल्या पायवाटांवर सायकल घालू नका, कितीही मोह झाला तरी. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तळाची मोकळी जमीन दिसते आणि तिथे चाकं न्यावीशी वाटतात. वरचा थर सुकलेला, खाली गाळ. चाक दांड्यापर्यंत रुतलेलं मी पाहिलं आहे.

इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. बायका-मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पोरं सायकलमागे धावतील, त्यांना चॉकलेटं वाटू नका. घंटी वाजवू द्या, गिअर कसा पडतो ते दाखवा. गुरांच्या कळपासमोर थांबा आणि गुराख्याकडे बघा. "बाबा, जाऊ का?" विचारलं की तो एक हाक देतो आणि वाट मोकळी होते.

अपघात झाला तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस मदत. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. धरणाच्या उद्घाटनाचं सालही तेच, त्यामुळे विसरायला होत नाही. रेंज नसेल तर जखमी माणसाजवळ एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने जवळच्या गावाकडे निघायचं. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे.

९. परत आल्यावर

मुक्कामाच्या घरी सुखरूप पोहोचल्याचं सांगा. सकाळी तुम्ही त्यांना परतायची वेळ सांगून निघाला असाल तर ते वाट बघत असतात. आंघोळीआधी दोन्ही टायरांवरून बोटं फिरवून अडकलेले काटे काढा, कारण रात्री बसलेलं चाक सकाळी घाईत सापडतं. चेनवरची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि तेल दुसऱ्या दिवशी घाला. आणि पितळी अडॅप्टर वाटेत कुणाला दिलं असेल, तर नवीन घेऊन आजच पाकिटात टाका.